औषध आधी, विकर मागाहून

जीवरसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेतील उणे ऐंशी अंशांच्या शीतकपाटात प्लास्टिकच्या चिमुकल्या कुप्या रांगेने उभ्या असतात. त्यांतील एखादीवर ‘मानवी डायहायड्रोफोलेट रिडक्टेज, पुनर्संयोजित’ असे लिहिलेले असते आणि त्याखाली बारीक अक्षरांत सूचना असते: केवळ संशोधनासाठी, मानवी वापरासाठी नाही. कुपीत काही मायक्रोग्रॅम प्रथिन असते. त्याला मानवी म्हणतात, पण ते कोणत्याही माणसाच्या शरीरातून काढलेले नसते. मानवी जनुकाची प्रत ई. कोलाय या जिवाणूत घालून त्याच्याकडून ते घडवून घेतलेले असते.

या विकराचे काम एका वाक्यात सांगता येते. फॉलिक आम्लाच्या कुळातील डायहायड्रोफोलेट या रेणूला ते हायड्रोजन पुरवते आणि त्याचे टेट्राहायड्रोफोलेट करते. हे टेट्राहायड्रोफोलेट नसेल तर पेशीला डीएनएमधील थायमीन हे अक्षर तयार करता येत नाही. आणि थायमीन नसेल तर डीएनएची नक्कल होत नाही, म्हणजे पेशी दुभंगत नाही. हायड्रोजन देणारा साथीदार रेणू म्हणजे एनएडीपीएच. तो ३४० नॅनोमीटर तरंगलांबीचा अतिनील प्रकाश शोषतो आणि हायड्रोजन देऊन झाल्यावर शोषेनासा होतो. त्यामुळे विकर काम करू लागले की वर्णपटमापकाच्या पडद्यावरची रेषा उतरू लागते. एखादे औषध विकराला रोखत असेल तर ती रेषा सपाट राहते. औषधशोधाच्या क्षेत्रात इतके स्वच्छ आणि इतके स्वस्त मोजमाप फार थोडी आहे.

पाठ्यपुस्तकांत औषधशोधाचा क्रम ठरलेला असतो: आधी विकर सापडते, मग त्याची रचना कळते, मग त्यात बसेल असा रेणू घडवला जातो. डायहायड्रोफोलेट रिडक्टेजच्या बाबतीत हा क्रम उलटा आहे. आधी आजार दिसला, मग त्यावरचे जीवनसत्त्व, मग त्या जीवनसत्त्वाची नक्कल करणारे विष. ते विष पेशीत नेमके कोणाला बांधते, हे त्याने अनेक मुलांचे आयुष्य काही महिन्यांनी वाढवल्यानंतर दहाएक वर्षांनी कळले. या इतिहासाचे पहिले पान मुंबईतले आहे.

लुसी विल्स या इंग्लिश वैद्यकीय संशोधक १९२८ साली मुंबईत आल्या. मातामृत्यूंच्या चौकशीचा भाग म्हणून गरोदर स्त्रियांमधील एका जीवघेण्या रक्तक्षयाचे कारण शोधण्याचे काम त्यांच्याकडे आले होते, आणि त्या परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमधून ते करीत होत्या. कापडगिरण्यांत राबणाऱ्या गरीब बायकांत हा आजार विशेष दिसे. त्यांच्या रक्तात तांबड्या पेशी कमी असत, पण ज्या असत त्या आकाराने अवाजवी मोठ्या. आज त्याचा अर्थ सहज लागतो: पेशी वाढत होत्या, पण डीएनएची नक्कल पुरी होत नसल्याने त्यांना दुभंगता येत नव्हते. तेव्हा डीएनए हे जनुकद्रव्य आहे हेही कोणाला ठाऊक नव्हते.

विल्स यांनी जंतुसंसर्गाचा माग काढून पाहिला. तो मिळाला नाही. मग त्या आहाराकडे वळल्या. या स्त्रिया जे खात, तसाच आहार त्यांनी प्रयोगातील उंदरांना आणि पुढे माकडांना दिला. बिअरच्या कारखान्यात उरणाऱ्या यीस्टपासून केलेला मार्माइट नावाचा काळपट, खारट अर्क इंग्लंडात पावाला लावून खातात. तो दिल्यावर माकडाचा रक्तक्षय हटला आणि नंतर रुग्ण स्त्रियांचाही. १९३१ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. अर्कातील अज्ञात पदार्थाला पुढे ‘विल्स घटक’ असे नाव मिळाले. ज्यांच्या रक्तावरून तो ओळखला गेला, त्या गिरणी कामगार स्त्रियांची नावे इतिहासात नाहीत.

पुढील दहा वर्षांत वेगवेगळ्या प्रयोगशाळांना वेगवेगळ्या पदार्थांत असाच काही घटक आढळत राहिला: यकृतात, यीस्टमध्ये, पालेभाज्यांत. १९४१ साली टेक्सासमधील संशोधकांनी चार टन पालकातून तो वेगळा काढला आणि पानाला लॅटिनमध्ये ‘फॉलियम’ म्हणतात म्हणून त्याला फॉलिक आम्ल म्हटले. नाव पालकावरून पडले. पण प्रयोगशाळेत हा रेणू शुद्ध स्वरूपात आणि हव्या तेवढ्या प्रमाणात घडवला गेला तो न्यूयॉर्क राज्यातील लेडरली या औषध कंपनीत. तेथील संशोधन विभागाचे प्रमुख होते येल्लाप्रगडा सुब्बाराव.

सुब्बाराव यांचा जन्म १८९५ सालचा, आंध्रातील भीमावरमचा. वैद्यकीय शिक्षण मद्रासला झाले. तरुणपणी त्यांना स्प्रू हा आतड्यांचा आजार झाला होता. या आजारात अन्नातील फॉलिक आम्ल नीट शोषले जात नाही, हे कळायला अजून पुष्कळ वर्षे होती. ते अमेरिकेत गेले आणि हार्वर्डमध्ये सायरस फिस्क यांच्याबरोबर काम करू लागले. फॉस्फरस मोजण्याची फिस्क-सुब्बाराव पद्धत १९२५ची. जीवरसायनशास्त्राचा विद्यार्थी आजही तिच्या नावाशी अडखळतो. स्नायूंतील फॉस्फोक्रिएटिन त्यांना १९२७ साली सापडले, आणि १९२९ साली एटीपी. हार्वर्डने त्यांना कायमची जागा दिली नाही. १९४० साली ते लेडरलीत गेले, आणि १९४५ साली त्यांच्या चमूने फॉलिक आम्लाचे संश्लेषण जाहीर केले.

भारतात सुब्बाराव यांच्याविषयी लिहिताना ‘उपेक्षित नायक’ हा एकच सूर लागतो, आणि नोबेल न मिळाल्याची हळहळ ओघाने येते. उपेक्षा झाली हे खरेच आहे. परंतु या सुरात त्यांच्या कामाची खरी जात झाकली जाते. ते एकट्याने शोध लावणारे ऋषी नव्हते. रसायनशास्त्रज्ञ, सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ आणि वैद्य यांना एका प्रश्नाभोवती बसवणारे, औद्योगिक संशोधनाचे सूत्रधार होते. फॉलिक आम्लाच्या शोधनिबंधावर अनेकांची नावे आहेत आणि ती योग्यच आहेत. हत्तीरोगावर भारतभर वाटले गेलेले डायइथाइलकार्बामॅझिन हेही याच प्रयोगशाळेचे अपत्य.

संश्लेषण हाती आल्यावर रेणूत फेरफार करणे शक्य झाले आणि तेथे कथेला वळण लागले. बोस्टनच्या बालरुग्णालयात सिडनी फार्बर हे विकृतिशास्त्रज्ञ रक्ताच्या कर्करोगाने दगावणारी मुले पाहत होते. तीव्र ल्युकेमियाचे निदान झालेले मूल त्या काळी आठवड्यांचे, फार तर काही महिन्यांचे सोबती असे. लेडरलीने पुरवलेली फॉलिक आम्लाची संयुगे त्यांनी काही रुग्णांना दिली. ल्युकेमियाच्या मुलांमध्ये आजार मंदावण्याऐवजी बळावतो आहे, असे फार्बर यांना वाटले. हा प्रसंग गौरवकथांत घाईने उरकला जातो, पण सगळे पुढचे त्यावर उभे आहे. जीवनसत्त्वाने आग भडकत असेल, तर त्याला अडवणाऱ्या रेणूने ती विझावी, हा तर्क त्यांनी पकडला.

असा रेणू सुब्बाराव यांच्या सहकाऱ्यांनी तयार केला होता: अमिनोप्टेरिन. फॉलिक आम्लाच्या कड्यावर एका ठिकाणी ऑक्सिजनच्या जागी अमिनो गट, बदल एवढाच. १९४७च्या अखेरीस फार्बर यांनी ते मुलांना देण्यास आरंभ केला. ३ जून १९४८ च्या ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये त्यांनी सोळा मुलांची हकिकत मांडली, त्यांतील दहांच्या प्रकृतीत स्पष्ट सुधारणा झाली होती. निबंधाच्या शीर्षकातच ‘तात्पुरती’ हा शब्द होता. आजार परतला. पण तोवर कोणत्याही रसायनाने हा कर्करोग थोडाही मागे हटवलेला नव्हता. दोन महिन्यांनी, ऑगस्ट १९४८ मध्ये, सुब्बाराव त्रेपन्नाव्या वर्षी न्यूयॉर्कमध्ये वारले.

अमिनोप्टेरिनची जागा पुढे त्याच्याच भावंडाने, मेथोट्रेक्सेटने घेतली. हे औषध आज भारतातील जिल्हा रुग्णालयांतही आढळते. कर्करोगासाठी, आणि कितीतरी कमी मात्रेत संधिवातासाठीही. मात्र १९४८ साली या औषधांचे पेशीतले लक्ष्य कोणते, या प्रश्नाला उत्तर नव्हते. १९५८ साली मेरी ऑस्बर्न, फ्रँक ह्यूनेकेन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की ही औषधे डायहायड्रोफोलेटचे क्षपण करणाऱ्या विकराला रोखतात. विकराला ठिकाण मिळाले, पण ते हाती मात्र येईना. सामान्य पेशीत ते अत्यल्प असते. अभ्यासापुरते शुद्ध विकर मिळवायचे तर ढीगभर यकृत किंवा पेशी वाटाव्या लागत.

ही कोंडी फुटली ती औषधाच्या अपयशातून. मेथोट्रेक्सेट घेणाऱ्या रुग्णांत कालांतराने औषध लागू पडेनासे होई, आणि काचपात्रातील कर्कपेशींतही तेच घडे. मात्रा हळूहळू वाढवत नेली की हजारपट विषातही सुखाने वाढणाऱ्या पेशी शिल्लक राहत. त्यांच्यात हे विकर अमाप असे. १९७६ साली जून बीडलर यांनी अशा प्रतिरोधी हॅमस्टर पेशींच्या गुणसूत्रांवर एक लांब, एकसारखा रंगणारा पट्टा दाखवला. तो तेथे का आहे हे तेव्हा गूढ होते. स्टॅनफर्डमध्ये रॉबर्ट शिमके आणि त्यांचा विद्यार्थी फ्रेडरिक ऑल्ट यांनी १९७८ साली उत्तर दिले. प्रतिरोधी उंदीर-पेशींत विकर सुमारे दोनशे पट होते, कारण त्याचे जनुकच तितक्या पटींनी वाढले होते. एका जनुकाच्या शेकडो प्रती! सस्तन प्राण्यांच्या पेशीतील जनुकांची संख्या स्थिर असते, ही तोवरची समजूत होती. रुग्णाच्या दृष्टीने जे दुर्दैव, त्यातून जीवशास्त्राला सस्तन प्राण्यांच्या पेशीतील जनुकवर्धनाचा पहिला नि:संदिग्ध पुरावा मिळाला, आणि त्याचबरोबर कच्चा मालही. ज्या पेशीत जनुकाच्या दोनशे प्रती आहेत, तिच्यात त्याचा संदेशवाहक आरएनएही मुबलक असतो. त्यावरून डीएनएची प्रत उतरवणे तुलनेने सोपे.

त्याच वर्षी शिमके आणि स्टॅन्ली कोहेन यांच्या गटांनी उंदराच्या विकराची ही प्रत ई. कोलायमध्ये घातली. जिवाणूने ते विकर खरोखर केले का, आणि केले तर ते काम करते का, हे तपासण्याची त्यांची युक्ती आजही विद्यार्थ्यांनी मुद्दाम समजून घ्यावी अशी आहे. ट्रायमेथोप्रिम हे प्रतिजैविक (को-ट्रायमोक्सॅझोलच्या गोळीतला एक घटक) जिवाणूंच्या डायहायड्रोफोलेट रिडक्टेजला घट्ट बांधते, पण सस्तन प्राण्यांच्या विकराला हजारो पटींनी सैल. म्हणूनच ती गोळी घेणारा माणूस वाचतो आणि जिवाणू मरतो. संशोधकांनी जिवाणूंना ट्रायमेथोप्रिमवर वाढवले. ज्यांच्यात उंदराचे विकर तयार होऊन नीट घडी पडून कामाला लागले, तेवढेच जगले. मोजमापाचे यंत्र म्हणजे जिवाणूचा जीव. सस्तन प्राण्याचे कार्यक्षम विकर जिवाणूकडून करवून घेतल्याच्या अगदी पहिल्या उदाहरणांपैकी हे एक.

मानवी विकराची पाळी थोड्याच काळाने आली. मेथोट्रेक्सेटला दाद न देणाऱ्या मानवी पेशींवरून कॅलिफोर्नियातील ज्युसेप्पे अत्तार्दी यांच्या गटाने १९८३ साली त्याच्या जनुकसंदेशाचा क्रम वाचला. १९८८ साली ते ई. कोलायमध्ये तयार करून त्यातील एकेक अमिनो आम्ल हेतुपुरस्सर बदलण्याचे प्रयोग प्रसिद्ध झाले. पूर्ण झालेल्या मानवी विकरात १८६ अमिनो आम्ले असतात, जिवाणूच्या विकरात १५९. जिवाणू फोडून त्या गोंधळातून हे एकच प्रथिन वेगळे करण्यासाठी एक जुनी पद्धत फार सुंदर आहे: स्तंभातील मण्यांना मेथोट्रेक्सेट जोडून ठेवायचे. विकर आपल्याच विषाला चिकटून मागे राहते, बाकी सारे वाहून जाते. मग त्याचे नैसर्गिक अन्न, फोलेट, भरपूर ओतले की ते मणी सोडून खाली उतरते.

शुद्ध विकर भरपूर मिळू लागल्यावर स्फटिक करता आले, आणि येथे भौतिकशास्त्राचा प्रवेश होतो. ई. कोलायच्या विकराची मेथोट्रेक्सेटसह रचना क्ष-किरणांच्या विवर्तनावरून १९७७ सालीच कळली होती. दिसायला औषध आणि नैसर्गिक रेणू जवळजवळ सारखे, म्हणून ते विकराच्या खाचेत सारखेच बसत असतील असे गृहीत धरले जात होते. अभिक्रियेतून मिळणाऱ्या रेणूची अवकाशीय ठेवण मात्र या गृहीताशी जुळेना: हायड्रोजन चुकीच्या बाजूने आल्यासारखा दिसे. औषधाचे कडे खाचेत उलटे, सुमारे १८० अंशांत फिरून बसत असावे, हा तोडगा त्यातून निघाला. आणि १९८८ साली पुनर्संयोजित मानवी विकराच्या फोलेटसह केलेल्या स्फटिकाने तो खरा ठरवला. ऑक्सिजनच्या जागी आलेला तो एक अमिनो गट कड्याभोवतीचा विद्युतभार आणि हायड्रोजन बंधांची मांडणी बदलतो, आणि कडे कूस बदलून विकराला इतके घट्ट धरते की सहजी सुटत नाही. अशा रचनांची विश्वासार्हता पडताळण्यासाठी आजही जो आलेख काढतात, तो मद्रासच्या गो. ना. रामचंद्रन यांनी सहकाऱ्यांसह १९६३ साली मांडलेला आहे.

या विकराचा दुसरा, कमी गाजलेला उपयोग आज औषध उद्योगाच्या पायाशी आहे. १९८० साली कोलंबिया विद्यापीठात गेल उर्लाउब आणि लॉरेन्स चेसिन यांनी चिनी हॅमस्टरच्या अंडाशयातील अशा पेशी मिळवल्या, ज्यांच्यात हे विकर नाही. त्या पेशींना थायमिडीन वगैरे आयते दिले तरच जगतात. आता हवे ते मानवी जनुक आणि त्याला जोडून डायहायड्रोफोलेट रिडक्टेजचे जनुक त्यांच्यात घातले, आणि मेथोट्रेक्सेटची मात्रा चढवत नेली, की शिमके यांनी पाहिलेलाच खेळ सुरू होतो: जगण्यासाठी पेशी रिडक्टेजच्या प्रती वाढवते आणि शेजारचे जनुकही त्याबरोबर वाढते. रक्ताची गुठळी विरघळवणारे टीपीए हे मानवी विकर या मार्गाने तयार होऊन १९८७ साली अमेरिकेत औषध म्हणून मान्य झाले. रुग्णांत औषधाला हरवणारी प्रक्रिया कारखान्यात कामाला जुंपली गेली. आज निवडीच्या इतर पद्धतीही प्रचलित आहेत, त्यामुळे प्रत्येक जैविक औषधामागे हेच विकर असते असे नाही. पण हॅमस्टरच्या पेशी मात्र सर्वत्र आहेत. हैदराबादच्या डॉ. रेड्डीज कंपनीने २००७ साली भारतात आणलेले रिटुक्सिमॅब त्यांच्यातच घडवलेले होते.

आणि तरीही प्रयोगशाळेतील त्या कुपीचे सर्वाधिक काम यांपैकी कशासाठीही नसते. बहुतेक वेळा तिला लक्ष्य म्हणून नव्हे, तुलनेसाठी बाहेर काढतात. हिवतापाच्या परजीवीतही डायहायड्रोफोलेट रिडक्टेज असते. पायरिमेथामिन हे औषध त्याला बांधते आणि मानवी विकराला बहुतांशी सोडून देते. या औषधाचे जनक जॉर्ज हिचिंग्ज आणि गर्ट्रूड एलियन यांना १९८८चे नोबेल मिळाले ते अशाच फरकांवर औषधे उभारल्याबद्दल. पण परजीवीही शिकतो. त्याच्या विकरातील १०८ व्या स्थानी सेरिनऐवजी अस्पॅराजिन आले की पायरिमेथामिनची पकड ढिली होते. ५१, ५९ आणि १६४ या स्थानांवरचे बदल जमले की ती जवळजवळ सुटते.

भारताच्या राष्ट्रीय हिवताप धोरणात २०१० पासून फाल्सिपारम हिवतापासाठी आर्टेसुनेट आणि सल्फाडॉक्सिन-पायरिमेथामिन हे संयोग देशभर ठरले होते. तीनच वर्षांत, २०१३ साली, ईशान्येकडील राज्यांसाठी ते बदलून आर्टिमीथर-ल्युमेफॅन्ट्रिन द्यावे लागले, कारण तेथे सल्फाडॉक्सिन-पायरिमेथामिन निकामी होत चालले होते. आसाममधल्या एखाद्या आरोग्य उपकेंद्रात गोळीच्या पाकिटाचा रंग बदलतो, त्यामागे एका प्रथिनातली तीन-चार अमिनो आम्ले असतात.

या बदललेल्या परजीवी विकरालाही धरील असा रेणू शोधताना अडचण नेहमी एकच येते. पकड वाढवावी तर तो मानवी विकरालाही धरू लागतो, आणि मग ते औषध मेथोट्रेक्सेटच्या वाटेने जाते: अस्थिमज्जा, आतड्याचे अस्तर, गर्भ, जेथे जेथे पेशी वेगाने दुभंगतात तेथे इजा. हिवतापाचे औषध घेणाऱ्यांत गरोदर स्त्रिया आणि लहान मुलेही असतात, हे लक्षात घेतले तर मानवी विकराचे ते मोजमाप किती निर्णायक आहे हे कळते. थायलंडमधील योंगयुथ युथावोंग यांच्या गटाने २०१२ साली मांडलेला पी-२१८ हा रेणू या विचारातून घडला. नैसर्गिक डायहायड्रोफोलेट खाचेतील जेवढी जागा व्यापते, तेवढ्याच जागेत त्याला बसवले आहे. त्याला झटकून टाकणारा बदल परजीवीने केला तर त्याचे स्वतःचे अन्नही झटकले जाईल. तो मानवी चाचण्यांपर्यंत पोहोचला. त्याच्या निवडीतही परजीवीचे विकर आणि मानवी विकर शेजारीशेजारी मोजले गेले होते: एका रेषेने सपाट व्हायचे, दुसरीने उतरत राहायचे.